जुना ४५० मिमी बिडाचा बँड सॉ: ब्लेड पुढे-मागे नाचतंय, सुरुवात कुठून करू?

भुसाळ

मंडळी, बिडाच्या बॉडीचा एक जुना बँड सॉ (दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीच्या ब्लेडची करवत) सुरू करायला घेतलाय. कंपनीची पाटी गायब आहे, त्यामुळे माहितीपुस्तिका वगैरे विसरायचं. मोजमापं देतो.

चाकं रबरासकट ४५० मिमी, रबर खरवडलं की ४४०. रिमची रुंदी ३२. ताणाचा स्क्रू मधोमध ठेवला की दोन चाकांच्या केंद्रांत बरोबर १००० मिमी अंतर. वरचं चाक न फिरणाऱ्या पिनवर आहे, हबमध्ये दोन ६२०४ बेअरिंग. खालचा शाफ्ट ३० मिमी, दोन गनमेटल बुशांत फिरतो, बुशांत मध्यापासून मध्यापर्यंत २०० मिमी अंतर, तेलाची भोकं वरून. मोटर तीन फेज, २ एचपी, १४४० आरपीएम. तिच्यावर १०० ची पुली आणि शाफ्टवर २०० ची.

तक्रारी अशा:

मशीन चालू असताना ब्लेड ३-४ मिमी पुढे-मागे जातं आणि टेबल थरथरतं. रबर दगडासारखं कडक झालंय, दोन ठिकाणी चिरलंय. खालच्या शाफ्टला हाताने हलवलं तर डायल गेजवर (काट्याने बारीक हालचाल दाखवणारं साधन) ०.३ मिमी खेळ दिसतो. आणि ब्लेड टिकत नाहीत, दातांच्या खाचेतून चीर पडून तुटतात. सध्या २० मिमी रुंद, ०.९ मिमी जाड ब्लेड लावलंय, जाड म्हणजे टिकाऊ असेल या हिशोबाने.

आधी गाइड (ब्लेडला बाजूने आणि मागून आधार देणारे भाग) बदलावेत असं मनात आहे. जुने लोखंडी ठोकळे काढून बेअरिंगवाले बसवायचे. शिवाय मोटरला व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावून वेग कमी केला तर याच मशीनवर लोखंडही कापता येईल का?

---

ओळंबा

गाइड सगळ्यात शेवटी. ब्लेड दोन चाकांवर आपापलं सरळ पळायला हवं, गाइड पूर्ण मागे ओढून ठेवलेले असताना सुद्धा. जे ब्लेड चाकांवरच नाचतंय त्याला बेअरिंगच्या चिमटीत धरलं तर नाच थांबत नाही, फक्त बेअरिंग लवकर खराब होतात.

आधी नाच कुठून येतोय ते पकडा. तुमच्या आकड्यांवरून: शाफ्ट ७२० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १२ फेरे. चाकाचा परीघ १४१४ मिमी, म्हणून ब्लेडचा वेग सेकंदाला जवळपास १७ मीटर, मिनिटाला १०१८. लाकडासाठी अगदी ठीक, पुल्यांना हात लावू नका. ब्लेडची लांबी दोनदा केंद्रांतर अधिक एक परीघ, म्हणजे ३४१४ मिमी. याचा अर्थ ब्लेडचा जोड एका जागेवरून सेकंदाला पाच वेळा जातो आणि रबराचा उंचवटा बारा वेळा. पाच ठोके आणि बारा ठोके यांतला फरक कानाला सहज कळतो: पाच म्हणजे टक-टक-टक, बारा म्हणजे घरघर.

कानावर विश्वास नसेल तर मशीन बंद करून, प्लग काढून, हाताने फिरवा. डायल गेजचं टोक टेबलाजवळ ब्लेडच्या पाठीला टेकवा. खालच्या चाकावर खडूची एक खूण, ब्लेडच्या जोडावर दुसरी. ब्लेडचा एक पूर्ण फेरा म्हणजे चाकाचे २.४१ फेरे. काटा चाकाच्या खुणेबरोबर दर फेऱ्याला हलत असेल तर दोष चाकात किंवा रबरात. जोडाच्या खुणेबरोबर हलत असेल तर ब्लेड वाकडं जोडलंय. ३०० मिमीची सरळपट्टी ब्लेडच्या पाठीला जोडावर लावून पाहा, पाव मिमीची फीलर पाती (फट मोजायची पातळ पट्टी) आत गेली तर जोड तोडून पुन्हा करावा लागेल.

दोष चाकाचा निघाला तर कुठल्या चाकाचा? दोन्ही सारख्याच मापाची, त्यामुळे दोघांचे उंचवटे कायम एकाच लयीत येतात. वरच्या चाकावरही एक खूण करा, ब्लेड सैल करून ते अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा ताण द्या. काट्याची हालचाल आता मोठी किंवा लहान झाली तर दोन्ही चाकांचा वाटा आहे. हालचाल तेवढीच राहिली, पण वरच्या चाकावरच्या खुणेच्या संदर्भात जागा बदलली, तर दोषी खालचं.

आता चाकं उतरवणं. नट फिरवण्याआधी आटे पाहा. शाफ्ट उभा धरलाय असं समजून आटे डावीकडून उजवीकडे वर चढत असतील तर सुलटे, उजवीकडून डावीकडे चढत असतील तर उलटे. बँड सॉच्या एका चाकाला उलटे आटे असणं अजिबात दुर्मीळ नाही, आणि पान्याला पाइप लावून चुकीच्या दिशेने जोर दिला की शाफ्टचं टोक गेलंच. पुलर हबला लावायचा, रिमला कधीच नाही. बिडाचे आरे ओढ सहन करत नाहीत.

चाक हातात आलं की हबातून दोरी घालून टांगा आणि लाकडी हातोडीने हलकेच वाजवा. घंटेसारखा नाद लांबला तर बरं. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर रॉकेलने पुसून, खडूची पूड लावून तडा शोधा. तडा गेलेलं चाक वेल्डिंग करून वापरायचं नाही, यात पळवाट नाही.

वरच्या चाकात पिन स्थिर आणि चाक फिरतं, म्हणून ६२०४ चं बाहेरचं कडं हबमध्ये घट्ट बसायला हवं, आतलं पिनवर हाताने सरकलं तरी चालतं. दाबताना जे कडं घट्ट बसणार आहे त्यावरच दाबायचं. रबर सील असलेलीच घ्या, पत्र्याच्या झाकणाच्या बेअरिंगमध्ये बारीक भुसा आत जातो आणि ग्रीसचा चिखल होतो.

---

ओळंबा

रबराचं वेगळं लिहितो, कारण निम्मं काम तेच आहे.

जुनं रबर लाकडी किंवा पितळी पटाशीने काढा, राहिलेला डिंक थिनरने. नवीन रबर लावण्याआधी रिमवर सरळपट्टी आडवी ठेवून पाहा. काही चाकांच्या बिडालाच मधोमध उंचवटा असतो, काहींचं रिम सपाट असतं. बिडाला उंचवटा असेल तर सारख्या जाडीचं रबर लावलं की काम झालं, पुन्हा घासून गोलाई द्यायची नाही. सपाट असेल तर गोलाई रबरात काढावी लागेल.

तयार गोल रबर मिळालं तर उत्तम. नसेल तर ५ मिमी जाडीची, ३२ रुंद पट्टी घ्या. उघड्या चाकाचा परीघ १३८२ मिमी. पट्टी साधारण ५ टक्के आखूड, म्हणजे १३१३ कापा. दोन्ही टोकं २५ मिमी लांबीच्या तिरक्या उतारात घासा आणि सायनोअॅक्रिलेटने जोडून कडं तयार करा. एक दिवस तसंच ठेवा. खालच्या चाकावर जोडाचं वरचं टोक चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेला राहू द्या. तिथे चाक ब्लेडला ओढतं, त्यामुळे रबरावरची घासण मागच्या दिशेला असते आणि टोक उचकटत नाही.

चढवताना एका जागी क्लॅम्प लावून दोन्ही बाजूंनी ओढत न्या. चढलं म्हणजे संपलं असं नाही. ज्या बाजूला जास्त ओढलं गेलं तिथे रबर पातळ असतं, दुसरीकडे जाड, आणि तुमचा बारा ठोक्यांचा धक्का इथूनच जन्माला येतो. १२ मिमीचा गुळगुळीत गोल बार रबराखाली घाला आणि चाकाभोवती चार-पाच फेरे मारा. बार फिरताना आधी हाताला एका जागी घट्ट, एका जागी सैल लागतो. तिसऱ्या फेऱ्याला सगळीकडे सारखा लागायला लागतो. तेव्हाच थांबा.

चिकटवायचं नंतर. आधी काँटॅक्ट अॅडेसिव्ह लावून ठेवलं तर ते टेकताक्षणी धरतं आणि ताण सारखा करायला वावच उरत नाही. सावकाश सुकणारं दोन भागांचं इपॉक्सी घ्या, रबराची आतली बाजू आधी ८० नंबरने खरखरीत केलेली असू द्या, मग बारने रबर थोडं थोडं उचलत ब्रशने आत भरा. २४ तास.

गोलाई काढताना ब्लेड नाही, खालचं चाक मोटरवर, समोर भक्कम बांधलेला लाकडी टेका, त्यावर ठोकळ्याला चिकटवलेला ८० चा घासकागद. हातात कागद धरून टेकवलात तर चाकाचे उंचवटे जसेच्या तसे राहतात, हात त्यांच्यामागे वरखाली होतो. टेका हलता कामा नये. आधी सपाट घासून डायल गेजवर चाकाचा उंचसखलपणा ०.१५ मिमीच्या आत आणा, मग दोन्ही कडांकडे उतार. मध्यापेक्षा कडा ०.४ ते ०.५ मिमी खाली, बस. जास्त गोलाई दिली तर रुंद ब्लेड मधल्या टेकाडावर डुलतं. वरच्या चाकाला फिरवायला ड्रिलमध्ये रबरी चकती बसवून रिमच्या बाजूला टेकवा. मास्क लावा आणि बुशांवर कापड बांधा.

शेवटी तोल. चाक आपल्याच बेअरिंगवर हलकेच फिरवून सोडा. दरवेळी एकच जागा खाली येऊन थांबत असेल तर ती जड बाजू. नवीन ग्रीस घट्ट असतं आणि हा खेळ लपवतं, म्हणून तोल बघण्यापुरती पातळ तेलातली उघडी बेअरिंग वापरा. खालचं चाक बुशात असल्याने त्याच्या हबातून सरळ बार घालून तो दोन समतल पट्ट्यांवर गडगडवा. जड बाजूला रिमच्या आतल्या अंगाने ८ मिमीच्या ड्रिलने उथळ खड्डे घ्या, एकेक करून. आऱ्यांना ड्रिल लावू नका.

---

गनमेटल_बुश

वरचं सगळं मान्य. पण ०.३ मिमी खेळ असलेल्या बुशावर चाकं एका रेषेत आणायला गेलात तर दिवस फुकट जाईल.

ब्लेडला ताण दिला की खालचं चाक वर ओढलं जातं. चाक शाफ्टच्या टोकाला लटकलेलं असल्याने चाकाजवळच्या बुशावर भार वरच्या बाजूला येतो, पुलीकडच्या बुशावर खालच्या बाजूला. ताण नसताना नेमकं उलटं: चाकाच्या वजनाने जवळचा बुश खाली दाबलेला, लांबचा वर. म्हणजे ताण देताना शाफ्ट जवळच्या बुशात ०.३ वर जातो आणि लांबच्यात ०.३ खाली. २०० मिमीत ०.६ मिमीचा कल. हाच कल एक मीटर वरच्या चाकापर्यंत नेला तर ३ मिमी. बघा मोजून: खालच्या चाकाला सरळपट्टी लावून वरच्या चाकाशी फरक आधी ताणाशिवाय, मग ताण देऊन. टेबल उतरवावं लागेल, पट्टी दीड मीटरची हवी.

यातूनच दुसरी गोष्ट. तेलाचं भोक दोन्ही बुशांना वरून आहे म्हणालात. चाकाजवळच्या बुशात शाफ्ट वरच्या बाजूलाच दाबून बसतो, म्हणजे भोकाचं तोंड शाफ्टनेच बंद. तेल कपात भरलेलं दिसतं, आत जात नाही. हा बुश आधी झिजण्याचं कारण हेच असण्याची दाट शक्यता. नवीन बुश करताना या बुशाची तेलखाच बाजूला, घड्याळातल्या तीनच्या किंवा नऊच्या जागेकडे न्या, म्हणजे तेल भार नसलेल्या भागातून आत शिरेल.

आधी शाफ्ट. नख फिरवून पाहा. बुश जिथे बसतो तिथे पायरी लागली तर शाफ्ट ग्राइंड करून गोल करा आणि बुश त्या मापाला करा. जुन्या शाफ्टवर नवीन ३० चा बुश घातला की महिन्याभरात परत खेळ. बुश त्याच्या घरात (बॉडीतल्या भोकात) दाबून बसवल्यावर त्याचं आतलं माप आवळतं, म्हणून शेवटचं रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार) दाबल्यानंतर, आणि दोन्ही बुशांतून एकाच लांब रीमरने, म्हणजे दोन्ही भोकं एका रेषेत येतात. ३० मिमी शाफ्टला ०.०४ ते ०.०६ मोकळीक. ६८ नंबरचं मशीन ऑइल, कपात नमद्याची वात.

बुश काढून घर बोअर करून ६२०६ बसवावं असा मोह होईल. घराभोवती बीड पुरेसं जाड असेल तर करता येतं, पण ३० च्या शाफ्टला ६२ चं भोक लागतं आणि जुन्या बॉडीत तेवढं मांस क्वचित असतं. या वेगाला शाफ्टच्या पृष्ठभागाचा वेग सेकंदाला १.१ मीटरच होतो. नीट तेल मिळालं तर गनमेटल आरामात चालतं.

---

पाव_सूत

ब्लेड का तुटतात ते सांगतो, कारण मशीन कितीही सुधारलंत तरी ०.९ जाडीचं ब्लेड या चाकांवर तुटणारच.

ब्लेड चाकावरून वळताना त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर वाकण्याचा ताण येतो. हिशोब सोपा आहे: पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक, गुणिले जाडी, भागिले चाकाचा व्यास. २०५००० गुणिले ०.९ भागिले ४५० म्हणजे ४१० मेगापास्कल. ०.५ जाडीला तोच आकडा २२८. यावर ओढीचे आणखी १०० मिळवा. तुमच्या मशीनवर ब्लेड सेकंदाला पाच फेरे मारतं, दर फेऱ्याला दोन चाकं, म्हणजे तासाला ३६ हजार वेळा वाकून सरळ होतं. दाताच्या खाचेचा कोपरा ही ताण साठण्याची जागा, चीर तिथूनच निघते. जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायची हा जुना नियम यातूनच आलाय. तुम्हाला ०.५.

ताण किती द्यायचा यासाठी मशीनवरच्या पट्टीवर विसंबू नका, स्प्रिंग म्हातारी झाली की ती पट्टी खोटं बोलते. मोठा व्हर्नियर घ्या. दोन्ही जबडे बरोबर २०० मिमी अंतरावर छोट्या क्लॅम्पने ब्लेडला पक्के करा, सरकत्या जबड्याचा लॉक स्क्रू सैल ठेवा. ब्लेड जेमतेम सरळ झालेलं असताना वाचन घ्या. मग स्क्रू आवळत जा. व्हर्नियर ०.१० मिमीने वाढला की ब्लेडमध्ये साधारण १०० मेगापास्कल ताण आला. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला तेवढा बस. मोजताना मोटरचा प्लग काढलेला असू द्या हे वेगळं सांगायला नको.

आता स्प्रिंग. २० मिमी ब्लेडमधून दातांची खोली वजा केली तर १६ गुणिले ०.५, म्हणजे ८ चौ. मिमी. १०० ने गुणलं की ८०० न्यूटन, आणि ब्लेडच्या दोन बाजू, म्हणून वरच्या चाकावर १६०० न्यूटन, साधारण १६० किलोचं वजन. जुनी स्प्रिंग काढून पाहा: वेढे एकमेकांना टेकून चमकले असतील तर ती ताण देताना पूर्ण मिटते. मिटलेली स्प्रिंग म्हणजे लोखंडी ठोकळा. मग चाकाचा प्रत्येक उंचवटा, भुशाचा प्रत्येक गोळा थेट ब्लेडला झटका देतो. डायसाठी वापरतात तशी जाड स्प्रिंग बसवा. मिमीला ६० न्यूटनची घेतली तर २७ मिमी दबेल. तेवढी दबूनही वेढ्यांत फट राहिली पाहिजे. काम संपलं की ताण उतरवा, म्हणजे रबरावर ब्लेडचा वळ उमटत नाही.

रुंदी कामाप्रमाणे. ६ मिमी ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येचं वळण घेतं, १० चं ३७, चार सुती म्हणजे १२ चं ६३ च्या आसपास. लाकडात एका वेळी निदान तीन दात असायला हवेत. जाड ओंडका उभा चिरायचा तर इंचाला ३ दात; बारीक दातांचं ब्लेड घातलंत तर खाचेत भुसा मावत नाही, ब्लेड तापतं आणि काप पोटात फुगतो.

---

भुसाळ

मोजून आलो.

हाताने फिरवताना काटा दर चाकफेऱ्याला २ मिमी हलतो, वरचं चाक अर्धा फेरा सरकवल्यावर १ वर आला. शिवाय जोडावर सरळपट्टी लावली तर ०.४ ची फीलर पाती आत जाते. म्हणजे दोन्ही आजार. चाकांचा आवाज चांगला आहे, तडा नाही. खालच्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा निघाला. पाइप हातात घेतला होता, वाचून खाली ठेवला.

सरळपट्टीचं मोजमाप: ताणाशिवाय वरचं चाक १ मिमी पुढे, ताण दिल्यावर ४ मिमी पुढे. गनमेटल_बुश यांचा आकडा तंतोतंत. बुश करायला देतोय.

प्रश्न उरतो तो १ मिमीचा. वरच्या चाकाच्या मागे वॉशर बदलून तो पण शून्य करावा का?

---

सरळपट्टी_मास्तर

करा. वरच्या चाकाच्या मागे शिम (जाडी भरायची पातळ चकती) आहेच, १ मिमीचा कमी केला की झालं. चाकं एका पातळीत असली की ब्लेड कमी कलावर चालतं, दोन्ही चाकांवर मधोमध बसतं आणि रुंद ब्लेडचा ताण पाठ व दात या दोन्हींवर सारखा पडतो. वरच्या चाकाचा कल-स्क्रू फक्त बारीक सुधारणेसाठी आहे.

---

ओळंबा

गोलाई असलेल्या रबरावर १ मिमीच्या मागे लागण्यात मला अर्थ वाटत नाही. ब्लेड गोलाईच्या माथ्यावर आपण होऊन चढतं, म्हणून तर गोलाई असते. ५०० मिमीच्या आतली चाकं, २० पर्यंतचं ब्लेड: २ मिमीपर्यंत सोडून द्या. आधी बुश बसवा, ताण द्या, पुन्हा मोजा. नवीन मोकळीक ०.०५ धरली तरी ताणाने अर्धा मिमी हलणारच आहे, मग शून्य नेमकं कुठल्या अवस्थेत धरायचं?

---

सरळपट्टी_मास्तर

कामाच्या ताणाच्या अवस्थेत, अर्थात. सपाट रिमवर रुंद ब्लेडने दात चाकाच्या कडेबाहेर काढून चिरायचं असेल तर १ मिमीही सोडता येत नाही. इथे गोलाई आहे म्हणून तुमचं चालेल, पण शिम हाताशी असताना का सोडायचं? पाच मिनिटांचं काम.

---

तीन_फेज

व्हीएफडी आणि लोखंडाचं. साधं पोलाद कापायला मिनिटाला ३० ते ६० मीटर वेग लागतो. तुमचा १०१८. साठवर यायचं तर मोटर ५० ऐवजी ३ हर्ट्झच्या खाली चालवावी लागेल. तिथे मोटरचा स्वतःचा पंखाच फिरत नाही, ती भाजते. त्याहून मोठी अडचण बळाची. २ एचपी म्हणजे १५०० वॉट, भागिले १७ मीटर, म्हणजे ब्लेडवर जेमतेम ८८ न्यूटन ओढ. व्हीएफडीने वेग कमी केला तरी मोटरचा पीळ वाढत नाही, ओढ तीच ८८ राहते. लाकडाला वेगामुळे चालून जातं, पोलादात ब्लेड अडकून मोटर उभी राहील. खरंच कापायचं असेल तर मधे साधारण १:२० चा गिअरबॉक्स किंवा काउंटरशाफ्ट घाला. आणि भुसा उडणाऱ्या मशीनवर लोखंडाच्या ठिणग्या म्हणजे खालच्या चाकाच्या डब्यात आग. आधी सगळा भुसा काढायचा, दरवेळी. एवढं करण्यापेक्षा लोखंडाला वेगळं मशीन बरं.

लाकडासाठी मात्र व्हीएफडी जरूर लावा. फक्त सुरुवात ४-५ सेकंदात चढती ठेवा, जड बिडाच्या चाकाला एकदम झटका दिला तर नवीन रबरच सरकेल. एक फेजवरून चालवणार असाल तर मोटरच्या पाटीवर डेल्टा २३०, स्टार ४०० असं लिहिलेलं हवं, आणि जोडणी डेल्टात करावी लागते. व्हीएफडी आणि मोटरच्या मधे जुना स्टार्टर ठेवू नका. चालू-बंद व्हीएफडीच्या कंट्रोल टर्मिनलवरूनच. वीज जाऊन आली की मशीन आपोआप सुरू होता कामा नये, ते सेटिंग आधी तपासा.

---

पाव_सूत

गाइडचं राहिलं. लोखंडी ठोकळे काढायचेच असतील तर तेलात मुरवलेल्या कडक लाकडाचे ठोकळे करा, अरुंद ब्लेडला ते बेअरिंगपेक्षा चांगले: दात चुकून टेकले तरी दातांचं काही बिघडत नाही. बेअरिंगवाले रुंद ब्लेडला ठीक.

लावायचा क्रम: वरचे-खालचे सगळे गाइड मागे, ब्लेडला ताण, हाताने फिरवून ब्लेड चाकावर स्थिर. मग बाजूचे ठोकळे, साध्या कागदाच्या एका जाडीएवढी, म्हणजे ०.१ मिमी फट प्रत्येक बाजूला, आणि त्यांची पुढची कड खाचेच्या तळापासून १ मिमी मागे. पाठीमागचं बेअरिंग ब्लेडपासून ०.३ मिमी दूर. मशीन रिकामं चालताना ते फिरत असेल तर फार जवळ आहे. लाकूड लावल्यावरच फिरायला हवं. खालचे गाइडही तसेच, टेबलाखाली वाकून बघायचा कंटाळा केला की काप तिरका येतोच.

एक तपासणी बहुतेक जण करत नाहीत. वरच्या गाइडचा दांडा पूर्ण खाली असताना फट लावा आणि मग २०० मिमी वर न्या. फट एका बाजूला मिटली तर दांडा ब्लेडला समांतर नाही. दांड्याच्या ब्रॅकेटखाली कागदी शिम घालून ते सरळ करा, नाहीतर लाकडाची जाडी बदलली की दरवेळी गाइड नव्याने लावत बसाल.

टेबल ब्लेडशी गुण्यात (काटकोनात) आणणं यानंतर, आधी नाही.

---

भुसाळ

०.५ चं ब्लेड लावून, नवीन रबर आणि नवीन बुशांवर आज रिकामं चालवलं. काटा ०.२ च्या आत. १ मिमीचा शिम काढला, दोघांचंही ऐकलं म्हणा.

एक गोष्ट मात्र नवीन: दहा मिनिटं लाकूड कापल्यावर बारा ठोक्यांची हलकी घरघर परत सुरू होते, बंद करून पुसलं की जाते.

---

ओळंबा

खालच्या रबरावर भुसा थापला जातोय. चिकाचं लाकूड असेल तर लवकर. खालच्या चाकाला कडक नायलॉनचा ब्रश बसवा, ब्लेड चाकावर चढायच्या जरा आधी रबराला घासेल असा. टेबलाखाली, खालच्या गाइडच्या लगेच खाली, १०० मिमीचं शोषणाचं तोंड द्या. भुसा चाकापर्यंत पोचण्याआधी तिथेच उचलला गेला पाहिजे. आणि चाकांना पुढून पत्र्याची झाकणं केलीत का? उघडी चाकं असतील तर ब्रश बसवायच्या आधी ती.